सात महिन्यांची चोरी

१

चोरीला गेले होते सात महिने.

घड्याळ नाही, गाय नाही, गाडी नाही. सप्टेंबर ते एप्रिल असे अखंड सात महिने एका बाईच्या संसारातून कोणीतरी उचलून नेले होते. नेणाऱ्याने त्याची रीतसर पावतीसुद्धा दिली होती: कोर्टात दाखल केलेलं चार पानांचं निवेदन, आणि खाली तीन साक्षीदारांची नावं.

तो बुधवार होता. मी टेबलाशी बसून तेलातला घेवडा खात होतो, कारण बुधवार-शुक्रवार आमच्या घरी मांस, अंडी, दूध वर्ज्य. मी स्वतः देवाला फारसा त्रास देत नाही. पण बायको पाळते, म्हणजे माझा डबाही पाळतो. आमच्या आरिल्ये गावात मी हिशोबनीस आहे, अर्ध्या गावाच्या वह्या माझ्याकडे असतात. मधल्या पातळ भिंतीपलीकडे विदोसावाचं वकिलीचं ऑफिस. एकोणीस वर्षं झाली. ती मला नावाने हाक मारत नाही, 'शेजारी' म्हणते, आणि त्या एका शब्दात सतरा प्रकारे अपमान करू शकते.

दार उघडलं. "शेजारी, या गृहस्थांना जरा तुझी राकिया दाखव."

गृहस्थ म्हणजे अशिलाचे थोरले भाऊ. बहिणीला घेऊन आले होते आणि तिला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वतःच देत होते. अशा भावांसाठी माझ्या कपाटात या घरगुती दारूची एक बाटली कायम असते. विदोसावाचा नियमच आहे: बाईची गोष्ट बाई सांगणार, बरोबर आलेला भाऊ, आई, मामा, सगळे भिंतीच्या या बाजूला. दुसरा ग्लास संपेपर्यंत भाऊ त्यांच्या गुडघ्यांबद्दल बोलायला लागले, आणि मला पलीकडे बोलावणं आलं. तेसुद्धा तिने आधी अशिलाला विचारून घेतलं होतं, "हिशोबनीस बसला तर चालेल ना? नको असेल तर नको म्हण, त्याला काही वाटत नाही." मला वाटतं, पण ते असो.

पेर्सिदा, वय चव्वेचाळीस. नवरा राडोयको, रास्पबेरीचा व्यापारी. तिच्यासमोर टेबलावर एक कागद होता. विदोसावाच्या हातचा, मोठ्या अक्षरात: फी किती, कधी द्यायची, काय मिळेल, काय मिळणार नाही. 'घर मिळणार नाही, ते नवऱ्याला वारशाने आलंय,' ही ओळ सगळ्यात वर. वाईट बातमी ती पहिल्या अर्ध्या तासात देते. बाकीचे वकील ती शेवटच्या तारखेपर्यंत जपून ठेवतात, बहुधा व्याजासकट द्यायला.

"फोनमध्ये माझं नाव काय घातलंस?" विदोसावाने विचारलं.

"शिवणवाली."

"छान. आणि मी फोन कधी करायचा?"

पेर्सिदा तिच्याकडे बघतच राहिली. "आधीच्या वकिलांनी कधी विचारलं नव्हतं. ते जेवणाच्या वेळी करायचे, समोर सगळे बसलेले असायचे."

आधीचे वकील तिला म्हणाले होते, भावना घरी ठेवा, कागद आणा. आणि कागद तर एकही नव्हता. तिचा फोन नवऱ्याच्या कंपनीच्या नावावर. ती घराबाहेर पडली त्या दिवशी तो बंद झाला आणि सगळे फोटो गेले.

प्रकरण असं. जानेवारी २०२२मध्ये राडोयकोने शीतगृह विकत घेतलं. पेर्सिदाच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हा दोघं एकत्र राहत होते, ती घर सोडून गेली ती एप्रिलमध्ये. राडोयकोच्या म्हणण्याप्रमाणे ती त्याआधीच्या सप्टेंबरमध्येच गेली होती. आमच्या कायद्यात एकत्र राहताना कमावलेलं दोघांचं, नंतरचं ज्याचं त्याचं. म्हणजे सात महिने गेले की शीतगृह गेलं. दोनशे चाळीस बागायतदार तिने पहाटे उठून, गावोगाव फिरून जोडले होते. त्यांच्या बायकापोरांची नावं तिला पाठ आहेत. राडोयकोला त्यातली दहासुद्धा सांगता येणार नाहीत.

पुरावा म्हणून त्याने एकच दिवस निवडला होता: रविवार, २१ नोव्हेंबर २०२१, त्याच्या घराची स्लावा. स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. निमंत्रण कोणालाच नसतं, येतात मात्र सगळे. आणि दारात स्वागताला जी बाई उभी असते ती त्या घरची मालकीण, हे कळायला वकील लागत नाही. निवेदनात लिहिलं होतं, त्या दिवशी दारात राडोयकोची बहीण ल्युबिंका उभी होती, कारण बायको निघून गेलेली.

"तू होतीस?" विदोसावाने विचारलं.

"होते. चाळीस माणसं जेवली माझ्या हातचं."

"मग हे तिघं खोटं बोलतायत."

"ल्युबिंका बोलेल. नवऱ्याचा कूम बोलेल. पण तिसरी मिलुंका आजी आहे, शेजारची. ती आयुष्यात खोटं बोललेली नाही हो." तिचा आवाज उतरला. "दोन रात्री मी हाच विचार करतेय. माझंच डोकं फिरलंय का?"

२

दुसऱ्या दिवशी सकाळी विदोसावाने मला कामाला लावलं. सुनावणीला नऊ दिवस होते.

"तिघांकडे जा. मी पाठवलंय असं आधीच सांगायचं, लपवाछपवी नको. तारखेवर वाद घालायचा नाही, पेर्सिदाचं नाव काढायचं नाही. एकच विचारायचं: त्या दिवशी जेवायला काय होतं?"

"एवढंच? त्यासाठी वकील कशाला, माझी बायकोही विचारते."

"म्हणूनच ती तुझ्यापेक्षा हुशार आहे. जा."

पहिला कूम. लग्नात नवऱ्याच्या बाजूने जो साक्षीला उभा राहतो तो कूम, आणि ते नातं रक्तापेक्षा जड. त्याचं नाव ग्वोझदेन. लाकडाची वखार आहे, वह्या माझ्याकडेच असतात, त्यामुळे त्याने मला हाकललं नाही.

"विदोसावाला सांग," तो करवत बंद करत म्हणाला, "लग्नात उभा राहिलो, कोर्टातही उभा राहीन. माझी सगळी रास्पबेरी राडोयको घेतो, हे तुला माहीतच आहे."

"माहीत आहे. जेवायला काय होतं?"

"जेवायला?" तो एकदम खुलला. "अरे, त्या दिवशी मी मेलोच असतो! कार्प मासा, हा एवढा, दोन बोटं जाड. काटा अडकला ना इथे! राडोयकोने पाठीत असे गुद्दे घातले की काटा खाली गेला आणि माझी कवळी वर आली. ल्युबिंका ओरडतेय, पाव गिळा, पाव गिळा!"

एवढं तपशीलवार खोटं ग्वोझदेनला जमणं शक्य नव्हतं. त्याचं कल्पनेचं खातं मी वीस वर्षं बघतोय, तिथे शिल्लक शून्य.

मिलुंका आजी अंगणात मिरच्या भाजत होती. "सार्मा होता बाबा. कोबीच्या पानात भात न् अक्रोड. ल्युबिंकाने अक्रोड सढळ घातला, मीठ मात्र घालायचीच विसरली. मी काही बोलले नाही. पाहुण्याने बोलू नये."

"आजी, नक्की त्याच वर्षी?"

हा प्रश्न मला विचारायचा नव्हता. पण तोंडातून गेला. आजीने चिमटा खाली ठेवला. "राडोयको आला होता. म्हणाला, आजी, ल्युबिंकाने स्लावा केली ते आठवतंय ना, एकवीस साली? म्हटलं, केली, आठवतंय. वर्ष-बिर्ष मी कशाला मोजू? माझ्याकडे उरलीत किती!"

तिसरी ल्युबिंका. तिचं केस कापायचं दुकान आहे; आत शिरल्या शिरल्या तिने माझ्या डोक्याकडे बघून 'इथे काय काम उरलंय' अशी नजर टाकली.

"जेवणाचं विचारताय, ओब्रेनभाऊ? माझा केक विचारा! अजून बायका त्याबद्दल बोलतात."

"कसा केला होता?"

"ते सांगणार नाही. कोर्टात शपथ घातली तरी सांगणार नाही."

संध्याकाळी मी सगळा माल विदोसावासमोर ओतला: कार्प, कोबीतला अक्रोड, न सांगितलेला केक. म्हटलं, "तिघंही खरं बोलतायत, विदा. मला माणसं कळतात. ल्युबिंकाने ती स्लावा केलीच आहे. खटला सोड."

ती उठली आणि भिंतीवरच्या चर्चच्या कॅलेंडरपाशी जाऊन उभी राहिली.

"शेजारी, आज तुझ्या डब्यात काय होतं?"

"सॉसेज. आज गुरुवार."

"आणि काल घेवडा." ती वळली. "तुझ्या बायकोला जे कळतं ते या तिघांना कसं कळलं नाही? हे लोक रविवारी मासा खातायत."

३

मीही कॅलेंडरपाशी गेलो.

राडोयकोची आई, म्हातारी स्तानोयका, मागच्या हिवाळ्यात गेली. अख्ख्या गावात तिच्याइतकं कडक पाळणारं कोणी नव्हतं. शुक्रवारी रश्शात लोण्याचा चमचा बुडला म्हणून तिने पातेलं अंगणात उपडं केलं होतं. अशा घरात स्लावा बुधवारी किंवा शुक्रवारी आली की मासा, बिनमांसाचा सार्मा, बिनअंड्याचा केक. आणि इतर वारी आली की भाजलेलं डुकराचं पिल्लू. रविवारी चाळीस पाहुण्यांपुढे मासा ठेवला असता तर म्हातारीने पातेलं नव्हे, ल्युबिंकालाच उपडं केलं असतं.

"म्हणजे ती स्लावा झाली," मी म्हणालो, "पण दुसऱ्या वर्षी."

"वार बघ. एकवीस नोव्हेंबर. वीस साली शनिवार, एकोणीस साली गुरुवार, अठरा साली..." तिचं बोट थांबलं. "बुधवार. त्याने खोटा दिवस रचला नाही, शेजारी. खरा दिवस उचलला आणि तीन वर्षं पुढे नेऊन ठेवला. म्हणून तर तिघं इतकं छान बोलतात. काटाही खरा, कवळीही खरी. म्हातारी जिवंत असेपर्यंत हे जमलं नसतं. ती गेल्यावरच निवेदन दाखल झालंय, तारीख बघ."

मी मनातल्या मनात तिला सलाम केला. उघड केला असता तर तिने त्याचीही पावती मागितली असती.

पेर्सिदाला ठरलेल्या वेळी 'शिवणवाली'चा फोन गेला, आणि ती शुक्रवारी आली. विदोसावाने कॅलेंडर समोर धरलं. 'अठरा' हा आकडा ऐकताच तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"त्या वर्षी ल्युबिंकानेच केली," ती म्हणाली. "मी हॉस्पिटलमध्ये होते. अकरा दिवस."

मी तर उडालोच. "मग झालं की! हॉस्पिटलचा कागद लावला की खटला संपला!"

विदोसावाने माझ्याकडे असं बघितलं की मी पेन उचलून उगीचच टोपण लावलं.

"तो कागद वाचला गेला," पेर्सिदा म्हणाली, "तर मी आत्ताच सगळं सोडते. शीतगृह त्याला लखलाभ. त्याला माहीत आहे मी ते वर्ष उघडणार नाही. म्हणून तर त्याने तेच निवडलं."

आधीचे वकील असते तर म्हणाले असते, बाई, भावना घरी ठेवा. बरेचसे चांगले वकील असते तर समजूत घातली असती: कोर्ट बंद दाराआड ऐकेल, कोणाला कळणार नाही. आणि खरं सांगतो, मीही तेच म्हणालो असतो. पुरावा हातात असताना तो न वापरणं म्हणजे माझ्या हिशोबाने पाप.

विदोसावाने विचारलंसुद्धा नाही की हॉस्पिटल कशासाठी. तिने समोरच्या कागदावर 'हॉस्पिटल' असं लिहिलं, त्यावर जाड रेघ मारली आणि कागद पेर्सिदाकडे फिरवला. "हे लागणार नाही. सही कर, म्हणजे उद्या माझंही मन बदलणार नाही."

सही झाली. कॅलेंडरवरून आम्ही एवढंच दाखवू शकत होतो की माशाचा दिवस रविवार नव्हता. पण रविवारी पेर्सिदा त्या घरात होती हे कशाने दाखवणार? दिवस उरले आठ.

४

"आता मला तो रविवार सांग," विदोसावा म्हणाली. "भांडणं नको. सकाळी उठलीस, मग?"

पेर्सिदा सांगत गेली. पाव मळला, बटाटे सोलले, सासूने तीनदा टोकलं. विदोसावा मध्ये बोलत नव्हती. मी घड्याळाकडे बघत होतो, ती बघत नव्हती.

"आणि दोन पिल्लं," पेर्सिदा म्हणाली.

"घरच्या ओव्हनमध्ये?"

"छे! एक तरी मावतं का? बेकरीत दिली भाजायला."

"कोणी नेली?"

"मीच. सकाळी सहाला. राडोयको झोपलेला."

"आधीच्या वकिलांना हे सांगितलंस?"

"त्यांनी पिल्लांचं विचारलंच नाही."

आता माझी पाळी होती. आमच्या गावात स्लावेच्या दिवशी बेकरीत तीस-तीस पिल्लं येतात. पूर्वी एकदा अदलाबदल झाली, दोन घरं तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. तेव्हापासून बेकरीवाला वही ठेवतो: कोणी आणलं, किती किलो, कधी नेलं, आणि नेणाऱ्याची सही.

पण बेकरी मागच्या वर्षीच विकली गेली होती. नव्या मालकाने खांदे उडवले. जुन्या वह्या? भट्टीत गेल्या असतील.

विदोसावाने तरीही कोर्टामार्फत रीतसर मागणी जुन्या मालकाला पाठवली. उत्तर आलं नाही. सुनावणीच्या आदल्या दिवसापर्यंत आलं नाही. पेर्सिदाला तिने तसंच सांगितलं, गोड न करता: "वही अजून नाही. केक आहे."

"केक?"

"उद्या बघ."

सुनावणीला न्यायाधीशबाई निवृत्तीला आलेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर. साक्षीदार एकेक करून आत. ग्वोझदेनने काट्याची गोष्ट सांगितली, कवळीसकट, आणि टंकलेखिका हसली. मिलुंका आजीने कोबीतला अक्रोड सांगितला. मिठाचं शपथेवर सांगावं लागलं म्हणून बाहेर बसलेल्या ल्युबिंकाची माफी मागितली. दोघांनाही साक्ष झाल्यावर मागच्या बाकावर बसवलं. मग आली ल्युबिंका, केस नुकतेच सेट केलेले.

"तुमच्या केकचं फार ऐकलंय," विदोसावा म्हणाली. "पण गावात म्हणतात तो विकतचा होता."

"कोण म्हणतं?" ल्युबिंका लाल झाली. "विकतचा? तेल, सोडावॉटर, अक्रोडाची पूड, प्लमचा जॅम! अंडं नाही, लोण्याचा थेंब नाही, तरी असा फुगला! करून दाखवा म्हणावं!"

"अंडं नाही, लोणी नाही. कोणी सांगितलं होतं तसं करायला?"

"आईने. दुसरं कोण? तिच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी अंडं..."

ती थांबली. पण न्यायाधीशबाईंनी आधीच चष्मा काढला होता.

"बाई, एकवीस नोव्हेंबर दोन हजार एकवीसला रविवार होता. माझ्या सासूबाईंनी मला रविवारी बिनअंड्याचा केक करू दिला असता तर मी त्यांचे पाय धरले असते."

राडोयकोचा वकील उठला. "रविवारी मासा खायला कायद्याने बंदी नाही."

"मुळीच नाही," विदोसावा म्हणाली. तिच्याकडे आणखी काही नव्हतं. हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि आता पेर्सिदाच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की तिलाही.

तेवढ्यात शिपाई आत आला आणि न्यायाधीशबाईंसमोर पिशवी ठेवली. जुना बेकरीवाला मुलीकडे डोंगरात राहायला गेला होता. कागद त्याला कालच मिळाला, आणि तो पहाटेच्या बसने वही घेऊन स्वतः आला होता. वही चरबीने इतकी माखलेली की पानं उलटताना आवाज येत नव्हता. न्यायाधीशबाईंनी वाचलं: "एकवीस अकरा एकवीस. दोन पिल्लं, एकोणीस किलो. आणली सहाला, नेली अकराला. सही, पेर्सिदा."

"कोणीही सही करू शकतं," राडोयको ओरडला.

मागच्या बाकावरून मिलुंका आजी उभी राहिली. परवानगी-बिरवानगी तिला माहीत नव्हती.

"अगं बाई, पिल्लू! तो दिवस वेगळा! पेर्सिदाने मला कुरकुरीत कान काढून दिला होता, ताटावर झाकून. माझ्या हातात, दारात उभी राहून." ती राडोयकोकडे वळली. "मेल्या, तू मला कोणतं वर्ष विचारलंस?"

५

न्यायाधीशबाईंनी अर्ध्या तासाची सुट्टी दिली. व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही बसलो. दहा मिनिटांत समोरचा वकील आला, शेजारी राडोयको, कोटाचं बटण चुकीच्या भोकात.

"तडजोड करू. शीतगृहाच्या निम्म्या किमतीएवढे पैसे, वर्षभरात. चांगला प्रस्ताव आहे, विदोसावा."

प्रस्ताव खरंच चांगला होता. माझा मनात आकडा मांडूनही झाला. राडोयकोने पेर्सिदाकडे बघितलंच नाही. तो विदोसावाकडे बघत होता, त्याचा वकील विदोसावाकडे, मीही विदोसावाकडे.

विदोसावा खिडकीबाहेर बघत होती.

"विदोसावा?" समोरचा वकील म्हणाला.

"माझ्याशी काय बोलताय? संसार माझा होता का?"

मग ती गप्प बसली. पेर्सिदाही गप्प. मी घड्याळ लावलं, सवय आहे. दोन मिनिटं. पाच. समोरच्या वकिलाने रक्कम थोडी वाढवली. विदोसावाने मान हलवली नाही. मिनिटाला पैसे लावणारे वकील मी पुष्कळ पाहिलेत; गप्प बसायला जमणारी ही एकटीच. अकराव्या मिनिटाला पेर्सिदा बोलली.

"पैसे नकोत."

मी मनातला आकडा खोडला.

"शीतगृहाच्या चार खोल्या आहेत. दोन माझ्या, रस्त्याकडच्या. आणि वजनकाटा माझ्या बाजूला."

राडोयको पहिल्यांदा तिच्याकडे वळला. त्याला कळायला मला लागला तेवढाच वेळ लागला. काटा जिच्या दारात, बागायतदार तिच्या दारात. जुलैच्या पहाटे दोनशे चाळीस माणसं भरलेल्या पाट्या घेऊन तिथेच येणार.

"काट्याशिवाय मी काय करू?" तो म्हणाला. "माझा माल मोजायचा कुठे?"

"माझ्याकडे ये," पेर्सिदा म्हणाली. "पण रांगेत उभं राहायचं."

विदोसावाने पर्स उघडून तिला पेन दिलं.